चौदा खुर्च्यांचे मंडळ

ऑस्ट्रेलियातील क्रिकेटचा कारभार कोणाचा, या प्रश्नाचे मूळ शोधायचे तर आपल्याला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-दौऱ्यांपर्यंत मागे जावे लागते. तेव्हा दौरा हा खेळाडूंचा सामायिक धंदा असे. ते स्वतः भांडवल घालत, व्यवस्थापक निवडत आणि उरलेला नफा वाटून घेत. या व्यवहारावर अंकुश ठेवण्यासाठी १८९२ मध्ये ऑस्ट्रेलेशियन क्रिकेट कौन्सिल स्थापन झाले. लॉर्ड शेफील्ड यांनी दिलेल्या दीडशे पौंडांतून आंतरवसाहती स्पर्धेची ढाल घडवून घेतली, हे त्याचे चिरंतन काम. खेळाडूंपुढे मात्र त्याचे काही चालले नाही आणि ते शतकाअखेरीस विरले.

मे १९०५ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांनी पुढाकार घेऊन नियामक मंडळ उभे केले. इतर राज्ये मागाहून, काही तर बरीच कुरकुर करत आली. दौऱ्याचा व्यवस्थापक खेळाडूंनी निवडावा, एवढी एक सवलत घटनेत राहिली होती. १९१२ च्या दौऱ्यासाठी खेळाडूंना फ्रँक लेव्हर हवे होते. मंडळाने नकार दिला. वातावरण इतके तापले होते की ३ फेब्रुवारी १९१२ रोजी सिडनीतील निवड समितीच्या बैठकीत कर्णधार क्लेम हिल आणि निवडकर्ते पीटर मॅकॲलिस्टर यांची चक्क हाणामारी झाली. अखेर हिल, व्हिक्टर ट्रम्पर, वॉरविक आर्मस्ट्राँग, टिबी कॉटर, हॅन्सन कार्टर आणि व्हर्नन रॅन्सफर्ड हे सहाही जण घरी राहिले. घटनेचे वचन मंडळानेच मोडले, असे माझे स्पष्ट मत आहे. पण सत्ता मंडळाकडे गेली ती कायमची.

पुढे या मंडळाचा साचा स्थिरावला: न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया यांच्या तीन-तीन जागा, क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांच्या दोन-दोन, टास्मानियाची एक. चौदा खुर्च्या, आणि प्रत्येकीवर आधी राज्याचा माणूस. खेळाडूंच्या तुटपुंज्या मानधनाचा असंतोष याच मंडळाने दुर्लक्षिला आणि १९७७ मध्ये दूरचित्रवाणी-उद्योजक केरी पॅकर यांनी त्याचे खेळाडू पळवले. १९७९ मध्ये तडजोड झाली, खुर्च्या तशाच राहिल्या. २००३ मध्ये संस्थेला 'क्रिकेट ऑस्ट्रेलिया' हे नाव मिळाले, महिला क्रिकेटची १९३१ पासूनची स्वतंत्र संघटनाही तिच्यात विलीन झाली.

खरा पालट आणला तो डेव्हिड क्रॉफर्ड आणि कॉलिन कार्टर यांच्या अहवालाने. २०१२ मध्ये चौदांच्या जागी नऊ संचालक आले, टप्प्याटप्प्याने सर्व स्वतंत्र. त्याच वर्षी जॅकी हे या पहिल्या महिला संचालक झाल्या. याच दशकात आपल्याकडे भारतीय क्रिकेट मंडळासाठी लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' सुचवले. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटनांची मते त्यामुळे धोक्यात आली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली.

ऑस्ट्रेलियात संचालक स्वतंत्र झाले, तरी मालकी सहा राज्य संघटनांचीच राहिली. केपटाऊनच्या चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणानंतर संस्थेच्या कार्यसंस्कृतीवर ठपका ठेवणारा अहवाल २०१८ च्या ऑक्टोबरअखेर प्रसिद्ध झाला. त्याच्या काही दिवस आधीच डेव्हिड पीव्हर यांची अध्यक्षपदी फेरनिवड झाली होती. न्यू साउथ वेल्सने पाठिंबा काढून घेतला आणि १ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला.