प्रश्नाची भाषा

काही वर्षांपूर्वी कल्याणच्या एका दवाखान्यात माझ्या खालापुढे मनाच्या तब्येतीची प्रश्नावली आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. ‘आपणांस निरुत्साह जाणवतो का?’ खाला म्हणाली, ‘नाही.’ पुढची उत्तरंही तशीच. परतताना रिक्षात मी सहज विचारलं, ‘खाला, कशात जीव रमतो का?’ तिचे डोळे भरून आले. ‘कशातच नाही रे. चूल पेटवायलाही नको वाटतं.’ कागदावर मात्र खाला ठणठणीत होती!

परक्या भाषेतली चाचणी आपल्याकडे आणण्याची खटपट जुनी आहे. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये मुलांची बुद्धी मापण्याची चाचणी तयार केली. पुढे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली. १९४० साली त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. अशा कामात नुसतं भाषांतर पुरत नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाला झेपतो, हे इथल्याच मुलांना विचारून नव्याने ठरवावं लागतं.

मनाच्या दुखण्याचंही तसंच. बाळंतिणींचं नैराश्य ओळखण्यासाठी एडिंबरा इथली दहा प्रश्नांची यादी १९८७ साली प्रसिद्ध झाली. गोव्यात ती कोकणीतून वापरली गेली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तिथला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या २७० गरोदर स्त्रियांपासून तो सुरू झाला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं, तेव्हा २३ टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणं, यांचा त्याच्याशी संबंध दिसला. त्यांच्या भाषेत विचारलं, म्हणून हे कळलं.

अशी यादी दुसऱ्या भाषेत नेताना एकाने भाषांतर करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवायचं, अशी रीत आहे. मग साध्या माणसांना विचारून पाहायचं. शेवटी डॉक्टरांच्या तपासणीशी गुण ताडून पाहायचे आणि किती गुणांना आजार समजायचा, हे ठरवायचं.

ठाणे-कल्याणकडे आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, घाटावरचे असे सगळे शेजारी राहतात. ‘निरुत्साह’ यांतल्या किती घरांत बोलला जातो?

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना खालाचं वाक्य तिच्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी कागद बाजूला सारला, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, ‘चूल केव्हापासून नको वाटते?’ मग खाला बराच वेळ बोलत राहिली.