दारापुढची बाग आणि कायद्याची नजर

इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाचकाला फाटकापासून दारापर्यंतची चिमुकली बाग चांगलीच परिचयाची असते. मराठीत तिला आपण सहज ‘अंगण’ म्हणून मोकळे होतो. परंतु अंगण हे वावरण्याचे, वाळवण घालण्याचे. ही बाग मात्र बहुधा येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी म्हणून राखलेली. मालकी घराची, दर्शन रस्त्याचे. या दुहेरी स्वभावामुळेच तिचा कायदेशीर इतिहास आम्हाला लक्षणीय वाटतो.

१९४७ च्या नगरनियोजन कायद्याने ब्रिटनमध्ये बांधकामासाठी परवानगी आवश्यक ठरवली. मात्र किरकोळ घरगुती कामांना सर्वसाधारण आदेशांद्वारे सूट मिळत राहिली. १९९५ च्या अशा आदेशात घराच्या आवारातील फरसबंदीला क्षेत्रफळाची मर्यादाच नव्हती. दरम्यान मोटारी वाढल्या. मोटारपूर्व काळातील घरांना गाडी उभी करण्यास जागा कोठली? गुलाब गेले, काँक्रीट आले. पदपथाची कडा उतरती करून घेण्यास रस्ते खात्याची वेगळी परवानगी लागे, आजही लागते. पण बाग बुजवण्यास कोणाला विचारावे लागत नसे. २००५ साली लंडन असेंब्लीच्या अहवालाने अंदाज वर्तवला, की शहरातील सुमारे ३२ चौरस किलोमीटर पुढच्या बागा अशा झाकल्या गेल्या आहेत. म्हणजे २२ हाइड पार्क!

एकेकट्या घराचे कृत्य निरुपद्रवी, बेरीज मात्र भयावह. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये महापूर आले. हल शहरात तर नदी फुटली म्हणून नव्हे, तर पावसाचे पाणी गटारांत मावेना म्हणून घरे बुडाली. सर मायकेल पिट यांच्या चौकशी अहवालाने पाणी न झिरपू देणाऱ्या फरसबंदीची मोकळीक काढून घेण्याची शिफारस केली. १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये नवा नियम आला: घर आणि रस्ता यांमधील ५ चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवर फरसबंदी करायची, तर पृष्ठभाग पाणी झिरपू देणारा हवा, किंवा पाणी आवारातच हिरवळीकडे अथवा वाफ्याकडे वळवायला हवे, अन्यथा नियोजन परवानगी आवश्यक.

हा नियम आम्ही पुन्हा पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यात फुलाचा, कुंपणाचा, सावलीचा उल्लेख नाही. खडी अथवा सच्छिद्र ठोकळे वापरून सबंध बाग झाकली, तरी या नियमाची हरकत नाही. कायद्याने बाग वाचवली नाही. बागेचे एक काम तेवढे वाचवले. ज्या जागेला कादंबरीकारांनी शोभा आणि प्रतिष्ठा म्हणून पाहिले, तिला कायद्याने पाणी मुरण्याची जागा म्हणून पाहिले.

याला दारिद्र्य म्हणावे का? आम्हाला तसे वाटत नाही. खासगी जमिनीवर शेजाऱ्याचाही काही हक्क असतो, हे सौंदर्याच्या भाषेत पटवणे कठीण होते. पाण्याच्या भाषेत ते पटले. कारण आपल्या फरशीवरून ओघळलेले पाणी अखेर कोणाच्या तरी उंबरठ्यापाशी जाते. हानी एवढीच, की जे मोजता येते तेवढेच नियमात उतरते. उरलेली बाग जपण्याची जबाबदारी पुन्हा घरधन्याकडे येते, आणि कदाचित थोडी वाचकाकडेही.