हैदराबाद : पेयजल शुद्धीकरण योजना व वित्तव्यवस्था (नल्लकुंटा विभागाच्या संदर्भात)

नल्लकुंटा हा हैदराबादच्या मध्यभागातील जुना, दाट वस्तीचा विभाग. काचीगुडा, बरकतपुरा, विद्यानगर हे त्याचे शेजार. येथील नळांना मुख्यत्वे कृष्णेचे पाणी येते. ते नळगोंडा जिल्ह्यातील कोदंडापूर केंद्रात शुद्ध होऊन शंभराहून अधिक किलोमीटर अंतर कापून शहरात पोहोचते. त्यामुळे या विभागाचा विचार शहराच्या एकूण योजनेपासून वेगळा करता येत नाही.

उगमस्थाने : १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. पूरनियंत्रण व पिण्याचे पाणी हे दोन्ही हेतू एकाच बांधकामात साधणारी ही योजना आजही अभ्यासण्याजोगी आहे. उस्मानसागरचे पाणी उताराने आसिफनगरच्या गाळणटाक्यांपर्यंत येत असल्याने त्यावर उपशाचा खर्च नगण्य होता.

पुढे मांजरा नदीवर टप्प्याटप्प्याने योजना झाल्या (पहिली १९६५). त्यांत सिंगूर धरणाचे पाणी १९९० च्या दशकात आले. बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावणारी हीच नदी लातूरकरांचीही तहान भागवते. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच सुमारास सिंगूरही आटले. हैदराबाद तगले ते कृष्णा-गोदावरीच्या भरवशावर. कृष्णा योजनेचे तीन टप्पे (२००४, २००८, २०१५) प्रत्येकी ९० दशलक्ष गॅलन, म्हणजे सुमारे ४१ कोटी लिटर रोजच्या क्षमतेचे. गोदावरीचे पाणी येल्लमपल्लीहून २०१५ मध्ये आले. क्षमता १७२ दशलक्ष गॅलन.

शुद्धीकरण : तुरटी, निवळण, वाळूतून गाळण, क्लोरीन, हा नेहमीचा क्रम. केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेनुसार शुद्धीकरण केंद्र १५ वर्षांच्या, तर कच्च्या पाण्याची मुख्य वाहिनी ३० वर्षांच्या गरजेसाठी आखतात. जमीन मात्र पुढच्या विस्ताराचा विचार करून सुरुवातीलाच घ्यावी लागते.

वित्तव्यवस्था : संस्थानी काळात खर्च सरकारी खजिन्यातून होई. १ नोव्हेंबर १९८९ रोजी हैदराबाद महानगर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापन झाले आणि १९९० मध्ये जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य मंजूर झाले. नंतरच्या मोठ्या योजनांची भिस्त हुडको या केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या कर्जावर व राज्याच्या निधीवर राहिली. २००५ च्या जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियानात ४० लाखांवरील शहरांसाठी केंद्राचा वाटा ३५ टक्के, राज्याचा १५ टक्के होता. उरलेले ५० टक्के स्थानिक संस्थेने कर्जातून वा स्वतःच्या उत्पन्नातून उभारायचे. भांडवल असे उभे राहते. खरा ताण पुढे येतो. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून शहराच्या उंचीवर चढवावे लागते आणि विजेचे देयक दरमहा भरावेच लागते. जानेवारी २०२१ पासून घरगुती जोडणीला महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत आहे. गरीब घरांना त्याचा आधार झाला. मंडळाच्या महसुलावरील परिणामाबाबत मतभेद आहेत.

जलाशयांचे संरक्षण : उस्मानसागर-हिमायतसागर परिसरातील बांधकामावर १९९६ च्या शासन आदेश १११ ने निर्बंध घातले. २०२२ मध्ये ते उठवण्याचा निर्णय झाला. तो वादग्रस्त आहे.

वितरण : निधीच्या प्रस्तावांत धरण, केंद्र व मुख्य वाहिनी यांना मिळणारे स्थान गल्लीतल्या नळाला मिळत नाही, ही या योजनांची सर्वांत गंभीर उणीव. पाणी ठरावीक वेळीच सुटते; एरवी नळ रिकामे असतात, दाब नसतो, आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यातून आत शिरते. रहिवासी जमिनीखालच्या टाकीत (सम्पमध्ये) पाणी साठवून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवतात; तेथे क्लोरीन आणखी उतरतो. तपासणी सोपी आहे : नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळी छटा यावी. पाणी रंगहीनच राहिले, तर क्लोरीन संपला. नळाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. मे २००९ मध्ये जवळच्याच भोलकपूर भागात दूषित पाण्याने माणसे दगावली. अशा साथींतले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या नल्लकुंट्याच्या सरकारी ताप रुग्णालयात, लोकांच्या बोलीत कोरंटी दवाखान्यात, येत आले आहेत.