हलक्या धातूचा इतिहास

जुनी घड्याळे जमवणाऱ्या आम्हा छांदिष्टांना नेहमी एक प्रश्न ऐकावा लागतो, 'सोन्याचे ठीक, पण टायटॅनियमच्या करड्या घड्याळात एवढे काय आहे?' उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता, बटण दाबताच सेकंदही मोजून देणारे घड्याळ. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. ते चावीच्या घड्याळापेक्षा अचूक होते, आणि पुढे स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडमधले कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो कारागीर घरी बसले.

त्या पडत्या काळात, १९८० साली, शाफहाउझेनच्या आयडब्ल्यूसी या १८६८ पासूनच्या कंपनीने टायटॅनियमचा यांत्रिक क्रोनोग्राफ काढला. आराखडा फर्डिनांड अलेक्झांडर पोर्श यांचा, म्हणजे पोर्श ९११ मोटारीला रूप देणाऱ्यांचा. टायटॅनियमचे घड्याळ नवे नव्हते. सिटिझनने १९७० सालीच 'एक्स-८' बनवले होते. पण क्रोनोग्राफची बटणे अशा धातूच्या कवचात बेमालूम बसवणे सोपे नव्हते. टायटॅनियम पोलादापेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक हलके, घामाने वा खाऱ्या पाण्याने न गंजणारे, पण कापताना मोठे हट्टी. हत्यार तापते, झिजते आणि बारीक कीस पेटही घेतो. याच धातूचे खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत सापडते.

म्हणून या घड्याळांकडे आम्ही दागिना म्हणून पाहत नाही. धंदा बुडत असताना काही माणसांनी हात टेकले नाहीत, अवघड काम अंगावर घेतले, त्याचा हा पुरावा आहे.

हा पुरावा सहज पुसला जातो. साध्या टायटॅनियमवर चरे लवकर उमटतात, आणि विकणारे ते पॉलिश करून घालवतात. घड्याळ चकाकते, पण कडा गोल होतात आणि कारखान्याने दिलेला मंद करडा पोत कायमचा जातो. डायल बदलली तर उरलेली ओळखही जाते.

आपल्या घरांत पितळी भांड्यांवर पणजीचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले असते. ते घासून गुळगुळीत करावे असे कुणाच्या मनात येत नाही. जुन्या घड्याळालाही तोच न्याय लावावा. तेलपाणी जरूर करावे, बदललेला प्रत्येक जुना भाग डबीत जपावा, आणि चरे आहेत तसेच राहू द्यावेत.