संरक्षित भूदृश्यांची पुनरुज्जीवन-उद्दिष्टे (नांदेड व लातूर)

अभयारण्य, राखीव वन, गायरान, बेट, नदीकाठ अशा राखलेल्या भूभागांत निसर्ग किती मुदतीत, कोणत्या अंगाने आणि किती सावरावा, तसेच हवामानबदल सोसण्याची त्याची ताकद किती वाढावी, यासाठी ठरवलेली मोजता येण्याजोगी लक्ष्ये. ‘संरक्षित भूदृश्य’ हा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या वर्गीकरणातील पाचवा वर्ग असून माणसाच्या दीर्घ वावरातून घडलेला प्रदेश त्यात अभिप्रेत आहे. भारतीय कायद्यात या नावाचा वर्ग नाही. प्रस्तुत नोंदीत ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे, कारण मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत निसर्ग अधिसूचित हद्दीच्या आत जेवढा आहे, तेवढाच गावाच्या सामाईक जमिनीवरही आहे.

भूप्रदेश : नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरचा डोंगराळ, जंगलाचा पट्टा आहे. साग हे येथील मुख्य झाड. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी, सालई, पळस आढळतात. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजांची वस्ती याच भागात आहे. पैनगंगा नदीच्या वळणात वसलेले पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत विभागले असून त्याचा मोठा भाग यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात येतो. नदीवरील सहस्रकुंड धबधबा दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. ईशान्येस यवतमाळमधील टिपेश्वर अभयारण्य आणि पूर्वेस तेलंगणातील कवाल व्याघ्रप्रकल्प (अधिसूचना २०१२) असल्याने किनवटचे जंगल या क्षेत्रांमधला दुवा ठरते.

दक्षिणेकडे चित्र पालटते. बालाघाटाच्या पठारावरील लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. येथे निसर्ग उरला आहे तो मुरमाड माळांवर, मांजरा, तेरणा, तिरू या नद्यांच्या काठी, तलावांच्या फुगवट्यात आणि वडवळ नागनाथजवळचे औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेले संजीवनी बेट किंवा उदगीरजवळचे हत्तीबेट अशा टेकड्यांवर. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचे माळ काळवीट, लांडगा, खोकड यांचे घर आहेत. देवणी (लातूर) आणि लाल कंधारी (नांदेड) हे दोन नामांकित गोवंशही अशाच चराऊ माळांच्या आधाराने टिकले.

कायद्याची चौकट : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्य घोषित होते. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव व सामुदायिक राखीव हे दोन वर्ग त्यात आले. दुसरा वर्ग खाजगी वा सामुदायिक जमिनीसाठी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अभयारण्याचा कारभार मंजूर व्यवस्थापन आराखड्यानुसारच करणे बंधनकारक झाले. त्यामुळे स्थानिक उद्दिष्टांची खरी जागा हा आराखडा होय. वनहक्क कायदा, २००६ ने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा, त्याचे पुनरुज्जीवन करण्याचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार दिला. जैवविविधता अधिनियम, २००२ खालील गावसमित्या लोक जैवविविधता नोंदवही तयार करतात. आधी काय होते आणि आज काय आहे, याची गावपातळीवरची पायाभूत नोंद म्हणून ती उपयोगी पडते.

वरून येणारी लक्ष्ये : डिसेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात २०३० पर्यंत ऱ्हास झालेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के पुनरुज्जीवनाखाली आणण्याचे आणि जमीन व समुद्राचे ३० टक्के क्षेत्र परिणामकारक संवर्धनाखाली आणण्याचे लक्ष्य आहे. भारताने २०२४ मध्ये त्याला अनुसरून २३ राष्ट्रीय लक्ष्ये मांडली. हवामान करारांतर्गत २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादनातून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढा अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे भारताचे वचन आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीतील एक-तृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी हे लक्ष्य त्याहून जुने.  एकाच आकड्याची देशभर सरासरी काढता येते. पण सागवनाचा किनवट आणि गवताचा लातूर यांना तोच आकडा लावता येत नाही, ही या दोन जिल्ह्यांतील मुख्य अडचण आहे.

रोपांची संख्या आणि जिवंत झाडे : महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपे लावण्याच्या मोहिमेने वृक्षलागवडीची मोठी लक्ष्ये सुरू झाली, २०१९ चे लक्ष्य ३३ कोटींचे होते. लागवडीच्या यशाबाबत शंका उपस्थित झाल्यावर २०२१ मध्ये विधिमंडळाची चौकशी समिती नेमण्यात आली. खड्डे व रोपे मोजणे सोपे असते. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली हे मोजणे कष्टाचे. मराठवाड्यात रोप मरते ते बहुधा मार्च ते जूनमध्ये, म्हणून जगण्याचे प्रमाण हाच निर्देशांक धरणे रास्त ठरते. दुसरा धोका जातींचा आहे. लवकर हिरवे दिसावे म्हणून माळावर गिरीपुष्प किंवा सुबाभूळ लावली की वृक्षाच्छादनाचा आकडा वाढतो, पण गवत सावलीखाली जाते आणि काळवीट व गुरे दोघांचाही चारा घटतो. गवताळ माळ आपला कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत साठवतो. त्यामुळे तेथे झाडे वाढवण्याऐवजी माळ नांगरला न जाणे, वेडी बाभूळ व घाणेरी काढणे आणि पाळीपाळीने चराईबंदी करणे ही उद्दिष्टे अधिक योग्य ठरतात.

जंगलपट्ट्यातील उद्दिष्टे : किनवट-पैनगंगा भागात मुख्य प्रश्न सलगतेचा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वर येथे रेडिओ कॉलर बसवलेला ‘वॉकर’ नावाने प्रसिद्ध झालेला वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून तीन हजार किलोमीटरांहून अधिक भटकला आणि डिसेंबर २०१९ पर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचा आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात आढळला. या वाटा शेते, ओढे, गायराने आणि झुडपी रानांतून गेल्या. म्हणून भ्रमणमार्गावरील झुडपे व ओढेकाठ टिकवणे हे अभयारण्याबाहेरचे, तरीही अभयारण्याचेच उद्दिष्ट ठरते. हद्दीच्या आत वणव्याचे क्षेत्र कमी करणे, जाळरेषा वेळेत काढणे, सागाखाली मिश्र जातींची नैसर्गिक वाढ होऊ देणे आणि उन्हाळ्यात टिकणारे पाणवठे वाढवणे ही नेहमीची लक्ष्ये आहेत. त्यांची पडताळणी कॅमेरा ट्रॅप, दर चार वर्षांनी होणारी व्याघ्रगणना आणि वणव्यांच्या उपग्रह-सूचना यांच्या आधारे करता येते.

पाणी : दोन्ही भूदृश्यांना जोडणारा निकष पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी व सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पैनगंगेवर वरच्या बाजूस इसापूर धरण असल्याने खालच्या पात्रातले उन्हाळी पाणी बऱ्याच अंशी विसर्गावर अवलंबून असते, आणि नदीकाठची गावे दर उन्हाळ्यात पाणी सोडण्याची मागणी करतात. त्यामुळे मे महिन्यात किती डोहांत पाणी उरले आणि माळाखालच्या विहिरींची पातळी किती, हे मोजमाप वन्यजीवांना जेवढे लागू, तेवढेच शेतकऱ्यांनाही. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हे दोन्ही जिल्हे होते. मात्र त्याची उद्दिष्टे शेतीसाठी आखलेली होती.

हक्क आणि हितसंबंध : गायरान ही मोकळी, बेवारस जमीन नव्हे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून मराठवाड्यात ती दलित-भूमिहीनांच्या जमीनहक्काचा विषय आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. किनवटमध्ये मोहफूल, तेंदूपाने, डिंक व सरपण यांवर अनेक कुटुंबांचे वर्ष चालते. दुसरीकडे, सोयाबीन-तुरीच्या पिकात हरणांचे कळप, रोही आणि रानडुकरे शिरली की संरक्षणाचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो. वनविभाग नुकसानभरपाई देतो. काळवीट वाढवणे हे लक्ष्य ठरवताना पीकनुकसानीची भरपाई किती दिवसांत मिळते हाही त्याच तक्त्यातला एक रकाना असावा लागतो. तसे नसले, तर आकडा कागदावर वाढतो आणि माळावर विरोध वाढतो.

उद्दिष्ट आखण्याची रीत : व्यवहारात चार पायऱ्या उपयोगी ठरतात. पहिली, पायाभूत नोंद : गवत, झाडोरा, पाणी, प्राणी आणि हक्कदार यांची. दुसरी, जमिनीचा प्रकार ओळखणे, म्हणजे सागवन, गवताळ माळ की नदीकाठ. तिसरी, प्रत्येक प्रकारासाठी मोजकेच निर्देशांक आणि मुदत. चौथी, ग्रामसभेपुढे दरवर्षी वाचून दाखवायचा हिशेब. दुष्काळी वर्षातली घट आणि गैरव्यवस्थेमुळे झालेली घट यांत फरक करता यावा म्हणून मोजमाप किमान एका दुष्काळी चक्राएवढे चालावे लागते. भरपूर पावसाच्या एका वर्षावरून काढलेला निष्कर्ष मराठवाड्यात पुढच्या वर्षी टिकेलच असे नाही.