वकिलाची फी, अशिलाचे कागद

रामवाडीचे आमचे एक चाचा रमजानच्या आधी घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात रिकामी कापडी पिशवी होती. जमिनीची फाइल आणायला ते वकिलांकडे गेले होते. महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेली, मोबदला कमी वाटला म्हणून वाढीव रकमेसाठी प्रकरण चालवलं. फीचं काय, तर 'पैसे आले की बघू' एवढंच ठरलं होतं. आता वकील बदलायचं म्हटल्यावर जुने वकील म्हणाले, येणाऱ्या रकमेतला पाव हिस्सा लिहून द्या, मग कागद न्या. त्या फाइलमध्ये दादांच्या काळचं मूळ खरेदीखत आहे.

चाचांचा प्रश्न साधा होता. "कागद माझे. ते अडकवून ठेवायचा हक्क यांना दिला कुणी?"

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या बोलण्यातल्या शब्दांतच आहे. वकील हा अरबी शब्द. ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील. आणि मराठीत आपण ज्याला अशील म्हणतो तोही अरबीतला 'असील'च. अस्ल म्हणजे मूळ. फिकहच्या भाषेत असील म्हणजे मूळ पक्षकार, आणि वकील त्याच्या वतीने उभा राहणारा. कोर्टात काळा कोट घालून उभा असतो तो दुय्यम, आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेली व्यक्ती मूळ. पेण किंवा अलिबागच्या कोर्टाच्या आवारात एक चक्कर मारलीत, तर हे नातं नेमकं उलटं झालेलं दिसेल.

फिकहने मजुरीबद्दलही एक अट घातली आहे. काम सुरू होण्याआधी मजुरी माहीत असली पाहिजे. 'बघू नंतर' हा करार सदोष. शिवाय हनफी आणि शाफई फुकहांनी एका जुन्या व्यवहाराला मनाई केली आहे. धान्य दळणाऱ्याला त्याच पिठातलं माप मजुरी म्हणून द्यायचं नाही, कारण ते पीठ अजून तयारच झालेलं नसतं. हंबली मात्र त्याला परवानगी देतात. आपल्याकडे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, तरी वाढीव मोबदल्यातल्या टक्क्याचा विषय निघाला की हे पिठाचं उदाहरण कुणाला आठवत नाही.

इंग्रजी अमलात फीचा प्रश्न सरकारने आधी स्वतःच्या हातात ठेवला. १७९३ मध्ये बंगालमध्ये कंपनीने वकिलीचा नियम केला, तेव्हा वकील हिंदू किंवा मुसलमानच असे, त्याची नेमणूक अदालत करी आणि फीचं प्रमाण दाव्याच्या किमतीवर ठरलेलं असे. १८४६ च्या कायद्याने वकिलीचं दार सर्व धर्मांच्या आणि देशांच्या लोकांना उघडलं आणि फी किती ते वकील व अशील यांनी आपसांत ठरवावं, असं सांगितलं. घासाघीस तिथून सुरू झाली. नागपूर ज्या मध्य प्रांतात होतं तिथे १८७९ च्या कायद्याने एक चांगली अट होती. फीचा करार लेखी हवा, त्यावर अशिलाची सही हवी आणि तो पंधरा दिवसांत कोर्टात दाखल व्हायला हवा. १९२६ च्या फी कायद्याने वकिलाला फीसाठी दावा लावायचा हक्क मिळाला आणि ती अट गेली. माझ्या मते तेव्हा जे गेलं ते अशिलाच्या बाजूचं होतं.

मुंबईत फोर्टमध्ये वेगळंच चाललं होतं. हायकोर्टाच्या मूळ शाखेत अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. मध्ये सॉलिसिटर, म्हणजे ॲटर्नी. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन त्याआधीच, १८५८ मध्ये, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले होते आणि तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी. त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. या सॉलिसिटरांच्या बिलावर तंटा झाला, तर ते हायकोर्टाच्या टॅक्सिंग मास्टरपुढे जाई. नावात टॅक्स असलं तरी कराशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक भेट, प्रत्येक पत्र, प्रत्येक नक्कल यांची रक्कम तपासून जादा ती छाटायची, हे त्याचं काम. मोठ्या पेढ्यांच्या श्रीमंत अशिलाला निदान बिल दाखवायला एक जागा होती. तालुक्याच्या कोर्टातल्या अशिलाला असा कुणी नव्हता.

अडकवून ठेवण्याच्या हक्काचं मूळही तिथेच सापडतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७१ सांगतं की येणं बाकी असेल तर ताब्यातला माल कोण धरून ठेवू शकतो. त्या यादीत बँकवाले आहेत, आणि हायकोर्टाचे ॲटर्नी आहेत. गावोगावच्या वकिलाचं नाव त्यात कधीच नव्हतं. तरीही भोपाळच्या एका वकिलाने सहकारी बँकेच्या फायली ९७,१०० रुपयांच्या फीसाठी धरून ठेवल्या आणि याच कलमाचा आधार घेतला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात तो फेटाळला. फायली म्हणजे माल नव्हे. फी बाकी असेल तर दावा लावा, कागद परत करा.

टक्क्याचं काय? १९५४ चं एक प्रकरण आपल्या मुंबईचंच आहे. निकालात त्या वकिलाचं नाव नुसतं 'जी' असं आहे. वसुलीतला निम्मा वाटा घ्यायचा करार त्यांनी अशिलाशी केला होता. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलं की दोन साध्या माणसांत असा करार चालू शकेल, वकिलाला मात्र तो गैरवर्तन ठरतो. पुढे बार कौन्सिलच्या नियमातही तेच आलं. २०१७ मध्ये तेलंगणातल्या एका विधवेकडून अपघाताच्या भरपाईतल्या टक्क्यासाठी चेक घेतला गेला, तेव्हाही कोर्टाने हेच सांगितलं.

वकिलांची बाजूही आहे. आगाऊ फी परवडत नाही असा शेतकरी टक्क्यावरच दाराशी येतो आणि वकील वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून टायपिंग, नकला, प्रवास करतो. हे खरं आहे. पण त्याचा हिशेब लिहिलेला असेल, तर तेवढा मागता येतो. पाव हिस्सा हा हिशेब नव्हे.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. त्यामुळे ग्राहक मंचाचं दार बंद आहे. उरतं दिवाणी कोर्ट, आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याच्या कलम ३५ खालची तक्रार. ती एका वर्षात निकाली काढावी, असं कायदा म्हणतो.

चाचांना मी सक्सेना निकालाची प्रत काढून दिली. तक्रारीचं नाव काढल्यावर ते गप्प बसले. "त्याच कोर्टात रोज जायचं आहे," म्हणाले. मग दोघांनी मिळून एक साधं पत्र लिहिलं: फायलीतल्या कागदांची यादी, आजवर झालेला खर्च तारीखवार सांगावा ही विनंती, आणि निकालाची प्रत सोबत. ते रजिस्टरने पाठवलं. सतरा दिवसांनी फाइल आली. खर्चाचा आकडा काही आला नाही, तो चाचा अजून मागत आहेत.

नव्या वकिलांकडे मीही सोबत गेलो. त्यांनी फी सांगितली. चाचा म्हणाले, "सर, तेवढं कागदावर लिहून द्या."