जमीन खाली गेली, खांब तिथेच राहिला

आजच्या एपिसोडचा हीरो एक लोखंडी खांब आहे. इंग्लंडमध्ये, केंब्रिजशायरमधल्या होम फेन नावाच्या जागी तो उभा आहे. १८५१ मध्ये तो जमिनीत इतका खोल गाडला होता की त्याचं वरचं टोक जमिनीच्या बरोबर लेव्हलला होतं. आज तेच टोक जमिनीपासून जवळपास ४ मीटर वर आहे. म्हणजे शेजारी उभं राहून तुम्ही हात वर केला तरी पोचणार नाही. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली!

तर झालं असं. इथे व्हिटलसी मिअर नावाचं मोठं तळं होतं आणि आजूबाजूला दलदल. विल्यम वेल्स नावाच्या जमीनदाराला आणि त्याच्या साथीदारांना तिथे शेती करायची होती. १८५१ च्या लंडनच्या ग्रेट एक्झिबिशनमध्ये अ‍ॅपोल्डचा सेंट्रिफ्यूगल पंप दाखवला होता, त्याच प्रकारचा पंप इथे लावला. पुढच्याच वर्षी बांध फुटून तळं परत भरलं, तर या पंपाने पुन्हा उपसून टाकलं. (तळाशी काय सापडलं माहितीये? मध्ययुगातलं चांदीचं धूपपात्र. ते आता लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये आहे.)

पाणी गेल्यावर जमीन खचणार, हे वेल्सला कळत होतं. नाहीतर खांब कशाला गाडला असता? आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधीच लॉग फाइल उघडून ठेवली होती. आणि आकडे बघा: १८६० पर्यंत खांब सुमारे दीड मीटर उघडा पडला, १८९२ पर्यंत ३ मीटर.

ही जमीन साधी माती नव्हतीच, ते पीट होतं. दलदलीत शेवाळ, लव्हाळी मरतात, पण पाण्याखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे ती पूर्ण कुजत नाहीत. हजारो वर्षं थरावर थर साचत जातात, आणि त्या झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन तिथेच अडकून राहतो. पाणी काढलं की आधी हा स्पंज नुसता दबतो, आकसतो. सुरुवातीचा वेग मुख्यतः त्यामुळे होता. मग हवा आत शिरते, सूक्ष्मजीव कामाला लागतात, आणि साठलेला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. नांगर फिरला की अजून हवा, अजून वेग. म्हणजे त्या ४ मीटरमधला बराच भाग आज अक्षरशः आकाशात आहे.

वेल्सला व्हिलन करायला सोपं आहे, पण मला ते पटत नाही. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे युनिस फूटने १८५६ मध्ये मांडलं, टिंडलने १८५९ पासून मोजायला घेतलं. वेल्सचा खांब त्याआधीच गाडून झाला होता. आणि त्या काळ्या जमिनीत पिकंही जोरदार आली. आजही फेन्समधला भाजीपाला इंग्लंडभर जातो, म्हणून तर पंप बंद करणं अवघड आहे. होम फेनच्या परिसरात जमीन समुद्रसपाटीच्या २.७५ मीटर खाली गेलीये. पंप थांबला तर शेतं पाण्यात, चालू ठेवला तर माती हवेत.

जगाच्या जमिनीत पीट फक्त ३ टक्के, पण त्यातला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमधल्या कार्बनपेक्षा जास्त. आणि नवं पीट साचतं वर्षाला साधारण १ मिलिमीटर. खांबाएवढं पीट परत साचायला किती वर्षं, तुम्हीच हिशोब करा.

२००१ मध्ये तिथे ग्रेट फेन प्रकल्प सुरू झाला. आता आजूबाजूची शेतं विकत घेऊन चर बुजवतात, पाण्याची पातळी वर आणतात. काही तुकड्यांवर तर ओल्या जमिनीतच येणारी पिकं लावून बघतायत, म्हणजे पाणकणीस आणि तेच जुनं शेवाळ, यावेळी मुद्दाम पेरलेलं.